बेटावर बिऱ्हाड थाटायचं तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराच्या माडीवर आम्ही चौघांनी पाच रात्री काढल्या. खाली जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी. वीज नाही, दूध पावडरचं, चार मोबाइलपैकी एकच चालू ठेवायचा, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज मोजायच्या. होडी आली की दोनच प्रश्न: काय आणलंय, आणि परत कधी येणार?

दीड वर्षानं अंदमानातल्या स्वराज द्वीपला पोचलो. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत याचं नाव हॅवलॉक होतं आणि तिथले लोक अजून तेच म्हणतात. घरमालकीण बौदींनी, बंगालीत बौदी म्हणजे वहिनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "यहाँ बोट आएगा तो सब आएगा." नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघांनाही माडी आठवली होती.

२ फेब्रुवारी २०२१ ला गेलो ते चार आठवड्यांसाठी. परतलो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. नवऱ्याचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच चाललं होतं, माझं मार्केट यार्डातल्या हळद-अडत्यांचे हिशेब ठेवायचं, लेकीची तिसरीची शाळा मोबाइलवर. कोरोनामुळं वर्षभर चार भिंतींत काढल्यावर कुठूनही करायचंच आहे तर समुद्राकाठून करू, इतका साधा विचार. पुन्हा साथ येवो न येवो, बेटावर महिनाभर किंवा जास्त राहायचं असेल तर काय करावं, ते आमच्या चुकांसकट सांगते. चार दिवसांच्या सहलीला यातलं काही लागत नाही.

आधी, जावं का?

माझा भाऊ म्हणाला होता, "तायडे, लोकं इथं बेडसाठी फिरत्यात आणि तुम्ही समुद्र बघायला निघालाय." तो सप्टेंबर २०२० च्या सांगलीबद्दल बोलत होता. फेब्रुवारीत मात्र साथ संपलीच असं सगळ्यांना वाटत होतं, आम्हालाही. भाऊ चूक नव्हता. बेटावर भाजी, गॅस, डॉक्टर सगळं बोटीनं येतं, तसा आजारही बोटीनंच येतो, आणि तो आणणारे आपणच असतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये ग्रेट अंदमानी जमातीतल्या दहा जणांना लागण झाली होती. ती सगळी जमात मिळून पन्नास-साठ माणसांची आहे. ते लोक स्वराज द्वीपवर राहत नाहीत, पण बेटाबेटांतून बोटी फिरत असतात.

म्हणून आम्ही स्वतःला तीन अटी घातल्या होत्या. पहिली, घरात कुणाला असा आजार नको ज्याला आठवड्याला दवाखाना लागतो. डायलिसिस, अवघड बाळंतपण, नुकतंच झालेलं हृदयाचं ऑपरेशन असेल तर विचार सोडा. स्वराज द्वीपला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचा इलाज पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात, आणि मध्ये दोन तासांचा समुद्र. दुसरी, एकाच बेटावर राहायचं, आज इथं उद्या तिथं नाही. जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावरची बाराटांगची सहल तर साथ नसतानाही मला पटत नाही. तिसरी, महिनाभराचा खर्च झाल्यावर आणखी एक महिना निघेल इतके पैसे बाजूला हवेत. ही तिसरी अट सुचली सासूबाईंना. पुरात घर धुवायला लागलेले पैसे त्यांनी असेच बाजूला ठेवलेल्या डब्यातून निघाले होते.

हंगामाचं थोडक्यात: जानेवारी ते एप्रिल. मेच्या मध्यानंतर पाऊस लागतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. महिनाभर खिडकीतून पाऊसच बघायचा तर कोयनेला जावं, स्वस्त पडतं.

दिवस उलटे मोजायचे

तेव्हा अंदमानात उतरायला ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल लागायचा. सांगलीहून हे गणित सोपं नाही, कारण विमान पुण्यातून, आणि पुणं सव्वादोनशे किलोमीटर. आमचं उड्डाण मंगळवारी पहाटेचं, चेन्नईला बदलून पोर्ट ब्लेअरला दुपारच्या आत. मग उलटं मोजलं. स्वॅब रविवारी दुपारी मिरजेत, अहवाल सोमवारी दुपारपर्यंत, रात्री जेवून गाडीनं पुणं. शनिवारी स्वॅब दिला असता तर वेळ उलटली असती, सोमवारी दिला असता तर अहवालच हातात नसता. नियम पुढं बदलत गेले आणि पुढच्या वेळी वेगळेच असतील. पण पद्धत हीच: उतरण्याच्या घटकेपासून मागं मोजा आणि मध्ये सहा तास मोकळे सोडा.

ते सहा तास आमच्या कामी आले. सोमवारी दोनला अहवाल आले आणि लेकीच्या अहवालावर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. लॅबवाल्या पोराला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. विमानतळावर एवढ्यानंच होतं. दुरुस्त कागद हातात यायला संध्याकाळचे सहा वाजले. तेव्हा स्वॅब देतानाच काउंटरवर आधार कार्ड पुढं ठेवा आणि नाव टाइप होताना स्क्रीनकडं बघा. अहवालाच्या दोन-दोन छापील प्रती ठेवा, मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच मान टाकते.

विमानात मधल्या सीटवरच्या माणसाला पांढरा झगा घालायला देत. नवरा पुणं ते चेन्नई त्या झग्यात, मांडीवर कांदा-लसूण चटणीचा डबा धरून बसला होता. ते चित्र आमच्या घरात अजून निघतं.

घर बघताना विचारायचे प्रश्न

हॉटेलात महिना काढता येत नाही, पाचव्या दिवशी वरणभाताची आठवण येते. स्वयंपाकघर असलेलं घर बघा आणि भाव दिवसाचा विचारू नका, महिन्याचा विचारा. त्या साली पर्यटक नव्हते. दिवसाला दोन हजार सांगणाऱ्यांनी महिन्याला पंचवीस हजारांत खालचा मजला दिला. आगाऊ एकाच महिन्याचं भाडं द्या. जास्त देऊ लागलात तर घर पसंत पडलं नाही तरी तिथंच अडकता.

फोटोंवर जाऊ नका, फोटोत सगळीच घरं समुद्राला टेकलेली असतात. मी घरमालकांकडून तीन व्हिडिओ मागवले. एक, सकाळी अकराला त्याच खोलीत बसून इंटरनेटचा वेग मोजताना. दोन, नळ सोडल्याचा, सोबत टाकी किती लिटरची आणि किती दिवसांनी भरते ते. तीन, स्वयंपाकघरातल्या सिलेंडरचा. एकच आहे की भरलेला दुसरा आहे? बेटावर सिलेंडरही बोटीनंच येतो. फेब्रुवारी ते एप्रिल पाण्याची ओढ असते, त्यामुळं टाकीचा प्रश्न समुद्र किती जवळ यापेक्षा मोठा. वीज प्रामुख्यानं डिझेलवर तयार होते आणि मधूनमधून जाते. इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर राउटर चालतो का, हे वेगळं विचारा. आमच्याकडं इन्व्हर्टर होता, पण त्यावर फक्त दोन दिवे आणि पंखा. राउटरसाठी वायर ओढायला चौथ्या दिवशी माणूस मिळाला.

इंटरनेटचा प्रश्न २०२० पूर्वी असता तर हा लेखच झाला नसता. तोवर अंदमानचा सगळा भार उपग्रहावर होता. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरशिवाय आणखी सात बेटांना जोडते, त्यात स्वराज द्वीप आहे. शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील, त्या यादीत नव्हतं. तिथला किनारा शांत आणि गावही छान, पण कामाचा मुक्काम म्हणून आम्ही ते सोडलं. केबल बेटापर्यंत आली म्हणजे तुमच्या खोलीपर्यंत आली असं मात्र नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं न्या आणि बैठकीच्या वेळी घराच्या कुठल्या कोपऱ्यात कुठलं सिम चालतं ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा. आमचं एक सिम फक्त न्हाणीच्या दारात चालायचं. मार्चअखेरचे निम्मे फोन मी तिथं उभी राहून केलेत.

किनाऱ्याची दिशाही बघा. राधानगरचा किनारा पश्चिमेला, तिथं सूर्यास्त. गोविंदनगर, विजयनगर, काला पत्थर हे पूर्वेला. आम्ही गोविंदनगरजवळ घेतलं, कारण बाजार आणि धक्का जवळ. ओहोटीला तिथं पोहता येत नाही, खडक उघडे पडतात. पण रोज लागतो तो बाजार. पोहणं रोज होत नाही.

सामान

विमानात माणशी पंधरा किलो. आमच्या साठातले अठरा किलो खाण्याचे होते. तांदूळ, डाळ, कांदा-बटाटा, तेल, मासे तिथं मिळतात. ज्वारीचं पीठ मिळत नाही, आणि सासूबाईंना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पाच किलो पीठ नेलं आणि दहाव्या दिवशी त्याला वास यायला लागला, हवेत इतका दमटपणा. पुढं सांगलीहून कुरिअरनं ज्वारी मागवली, गोविंदनगरच्या गिरणीवाल्याला समजावलं आणि चार-चार दिवसांची दळून आणायला लागलो. तेव्हा पीठ नेऊ नका, धान्य न्या.

भडंगाचं तर विचारूच नका. पॅकेट फोडल्यावर दुसऱ्या दिवशी चुरमुरे कापसासारखे. लेकीनं मूठभर तोंडात टाकले आणि नुसती बघत राहिली. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला कोरडे तांदूळ बांधलेली पुरचुंडी ठेवून, आठवडाभर टिकले. मिठाच्या डब्यातही तांदळाचे दाणे टाकून ठेवायचे. हळद आणि कांदा-लसूण चटणी मात्र शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली. सांगलीकरांनी एवढं न्यावंच. चटणीची एक वाटी बौदींना दिली आणि आमची शेजारओळख तिथून सुरू झाली.

कपडे कमी घ्या, सुती आणि पूर्ण बाह्यांचे. चादरी, टॉवेल दमट राहतात, म्हणून पातळ पंचे बरे. वायरचा बोर्ड, बॅटरी, मेणबत्त्या, सुईदोरा, कपडे वाळवायची दोरी. रोख रक्कम न्या, सुट्ट्या नोटांत. एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की तीही गेली. आणि घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून न्या. कशाला, ते पुढं सांगते.

पहिले सात दिवस

इथं बहुतेक लोक चुकतात. अहवाल निगेटिव्ह म्हणजे आपण शुद्ध, असं धरून पहिल्याच संध्याकाळी बाजारात फिरतात. स्वॅब दिल्यावर आपण गाडी, दोन विमानं, तीन विमानतळ आणि एक बोट यांतून आलेलो असतो. लागण झालीच असेल तर लक्षणं साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसतात, चौदा दिवसही लागू शकतात. आम्ही सात दिवस बाजाराला गेलो नाही. घरमालक दादांनी आमची पिशवी फाटकाला अडकवायची, यादी चिठ्ठीवर, पैसे पाकिटात. किनाऱ्यावर जायचंच झालं तर माणूस नसताना. आठवड्यानंतर घरमालकांच्या व्हरांड्यात चहा प्यायलो, तोही अंतर ठेवून.

मला वाटलं होतं त्यांना हा आगाऊपणा वाटेल. उलट आठव्या दिवशी बौदी सासूबाईंना म्हणाल्या, "दीदी, आप लोग डरते हैं, इसलिए हम नहीं डरे." पुढच्या तीन महिन्यांत आम्हाला ज्या ज्या सवलती मिळाल्या, मुक्काम लांबल्यावर भाडं न वाढवण्यापर्यंत, त्या या सात दिवसांच्या जोरावर.

ही बहुतेक घरं पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची. सरकारनं १९५० च्या दशकात त्यांना इथं वसवलं. घरात बंगाली, बाहेर हिंदी. 'भाऊ' नाही, 'दादा' म्हणायचं, बाईला 'बौदी'. एवढं आलं की बाजारात भाव ठरवायचं निम्मं काम झालेलंच असतं.

बोट आणि स्वयंपाकघर

सांगलीत भाजी रोज घ्यायची सवय. तिथं आधी बोटीचा वार शिकावा लागतो. पुदिना, ढबू मिरची, फ्लॉवर, सफरचंद असलं सगळं बाहेरून येतं. बोट आल्याच्या सकाळी दुकान हिरवंगार, तिसऱ्या दिवशी सुकलेलं फरसबीचं गुच्छ आणि महाग टोमॅटो. समुद्र खवळला आणि बोट चुकली की बटाट्यावर आठवडा. आम्ही दोन याद्या केल्या. एक बोटीची: टोमॅटो, फ्लॉवर, दही. दुसरी बेटाची, म्हणजे तिथंच पिकतं ते: केळी, नारळ, दुधी, पपई, मायाळू. बौदी तिला पुई म्हणतात. आठवड्याचा स्वयंपाक बेटाच्या यादीवर बसवायचा आणि बोटीची यादी वरकड धरायची. महिनाभरात खर्च तिसऱ्या हिश्श्यानं उतरला.

बोटीच्या दिवशी पहिल्याच तासाला जाऊन चार किलो टोमॅटो उचलायचे नाहीत. मी एकदा उचलले. मागं उभ्या असलेल्या बाईनं काही म्हटलं नाही, फक्त माझ्या पिशवीकडं आणि मग रिकाम्या क्रेटकडं बघितलं. पुरात गल्लीत पाण्याचे बॉक्स वाटताना एका घरानं दोन उचलले होते, तेव्हा मीही असंच बघितलं होतं.

मासे पहाटे धक्क्यावर. आम्ही घाटाखालची माणसं नव्हे, आम्हाला सुरमई तेवढी ओळखू येते. दादा म्हणतील तो घ्यायचा.

घड्याळ

अंदमान सांगलीपासून अठरा रेखांश पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळं सूर्य तिथं सव्वा तास आधीचा. फेब्रुवारीत पावणेसहाला लख्ख उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. कंपनी सकाळी दहा ते सात चालते, म्हणजे काम उरकून मान वर केली की बाहेर काळोख. पहिला आठवडा आम्ही सांगलीच्या वेळेनं जगलो आणि समुद्र काही दिसेना. नवरा वैतागून म्हणाला, "एवढं लांब येऊन सांगलीतच बसलोय की."

मग सगळं दोन तास अलीकडं ओढलं. साडेचारला उठायचं, पाचला चहा, सव्वापाच ते साडेसात समुद्र. आठला नाष्टा, लेकीची शाळा नऊला, आमची कामं दहाला. रात्री साडेसातला जेवण, नऊला दिवे बंद. लेकीला पहाटे उठवायला तीन दिवस त्रास झाला, चौथ्या दिवसापासून तीच आम्हाला उठवायला लागली. शनिवार-रविवारीही हेच ठेवा, नाहीतर सोमवारी परत सुरुवातीपासून.

समुद्राशी वागणं

आता कालनिर्णय. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, फरक कमी. कृष्णाकाठच्या माणसाला पाणी चढतं ते पावसानं, तिथीनं नाही, त्यामुळं आम्ही हे शिकलो शून्यापासून. लेकीनं पहिल्या दिवशी भरती कधी पूर्ण झाली ते पेन्सिलीनं चौकोनात लिहिलं आणि रोज पन्नास मिनिटं मिळवत गेली. दोन-तीन दिवसांनी प्रत्यक्ष बघून दुरुस्ती. गणिताच्या ऑनलाइन तासापेक्षा या बेरजा तिला जास्त आल्या. गोविंदनगरसारख्या खडकाळ किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं ते भरतीच्या आसपास, आणि ओहोटीला उघड्या प्रवाळावरून चालायचं नाही. एक तर ते जिवंत असतं. दुसरं, ते कापतं.

आमचं कापून झालं. सोळाव्या दिवशी लेकीचा पाय घसरला, पोटरीला चार इंच ओरखडा. दिसायला मांजरीनं ओरबाडल्याएवढा. मी हळद लावली आणि विसरले. तिसऱ्या दिवशी लाल, गरम, टम्म. प्रवाळाचा बारीक चुरा आत राहतो आणि जखम चिघळते. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी चिमट्यानं दोन कण काढले, औषध दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन बघून घेतलं. दहा दिवस पाण्यात बंदी. करायचं काय: लगेच भरपूर गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, उजेडात बघून कण काढायचे, जंतुनाशक लावायचं, कोरडं ठेवायचं. लालसरपणा पसरला की थांबायचं नाही. रबरी तळाचे बूट प्रत्येकाला हवेत.

संध्याकाळी वाळूत बसलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या वाळूमाश्या चावतात. खाज आठवडाभर. खाजवू नका, एवढाच उपाय. उघड्या हातापायांना खोबरेल तेल चोपडून, वाळूवर न बसता खुर्चीत बसलं तर निम्म्यानं कमी होतात. आणि मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, २०१० मध्ये राधानगरच्या पाण्यात एका पर्यटक बाईंचा जीव गेला होता. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ, अंधारात पाण्यात उतरायचं नाही. पाटी लावली असेल तर गावकऱ्यांच्या पोरांनी उड्या मारल्या तरी आपण काठावर.

औषधं

सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मी दीड महिन्याच्या घेतल्या होत्या. मुक्काम लांबला तेव्हा अकरा दिवसांच्या उरल्या. गोविंदनगरच्या औषधाच्या दुकानात त्या नावाची गोळी नाही, दुसऱ्या कंपनीची होती, पण दुप्पट ताकदीची. मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "आत कुठलं औषध आहे ते वाचा." मी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचलं, तेव्हा कुठं अर्धी गोळी द्यायचं ठरलं. प्रत्येक गोळी अशी अर्धी करता येत नाही, हे त्यांनीच बजावलं. तर ठरलेल्या मुक्कामाच्या दुप्पट औषधं न्या आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. अर्ध्या गोळ्या हातपिशवीत, अर्ध्या मोठ्या बॅगेत.

साथीसाठी म्हणून थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि त्याचे जादा सेल. ऑक्सिमीटर बसल्या जागी पाच मिनिटं थांबून लावायचा, बोट गार नको, नखांना रंग नको. आकडा ९४ च्या खाली जाऊन तिथंच राहिला तर बेटावर वाट बघायची नाही. शेवटची बोट किती वाजता सुटते, आणि ती सुटल्यावर रुग्णाला हलवायचं तर कुणाला फोन करायचा, हे आरोग्य केंद्रात जाऊन आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवलं होतं. गरज पडली नाही. एकदा नवऱ्याला १०१ ताप आला त्या रात्री मी त्या कागदाकडं चारदा बघितलं. सकाळी ताप उतरला, तपासणी निगेटिव्ह आली. बहुधा उन्हाचा होता.

१ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. सासूबाईंनी पहिला डोस तिथंच घेतला. रांगेत बौदी पुढं, या मागं.

मुक्काम लांबतो तेव्हा

महिना संपायच्या दहा दिवस आधी बसून ठरवा, आदल्या दिवशी नाही. आम्ही कागदाचे दोन भाग केले: राहिलो तर काय, गेलो तर काय. फेब्रुवारीअखेर महाराष्ट्रात आकडे परत चढायला लागले होते. राहायचं ठरलं. मग लगेच चार कामं: घरमालकांशी भाडं, विमानाचं तिकीट पुढं ढकलणं, औषधं, आणि सांगलीत शेजाऱ्यांना फोन करून माडीची किल्ली कुठं आहे ते सांगणं. माझ्या अडत्यांना मार्चअखेरची कागदपत्रं स्कॅन करून पाठवायला शिकवलं. एक काका प्रत्येक बिलाचा फोटो अंगठ्यासकट पाठवायचे.

दुसऱ्या महिन्यात समुद्र नवा राहत नाही. कंटाळा येतो, आणि तो येतोय हे कबूल करायला लाज वाटते, कारण सांगलीतून फोन येतायत ते आजारपणाचे आणि मयतीचे. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर किनाऱ्याचे फोटो टाकायचं आम्ही बंद केलं. तुम्हीही करा. आणि कामाशिवाय एक काहीतरी धरा. सासूबाईंनी बौदींच्या परसात मेथी पेरली, नवऱ्यानं दादांबरोबर जाळं दुरुस्त करायला घेतलं, जमलं नाही.

१३ एप्रिलला गुढीपाडवा. बांबू मिळाला, साडी होती, तांब्या बौदींचा. कडुलिंबाचं काय? सासूबाईंनी हातवारे करून विचारलं आणि बौदी हसायलाच लागल्या. परसातच झाड होतं. चैत्रात त्या कोवळा पाला वांग्याबरोबर तळून खातात, निम-बेगुन. त्या दिवशी आमच्या ताटात गुळ-कडुलिंब आणि त्यांचं निम-बेगुन दोन्ही. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागली.

निघताना

बोट आणि विमान एकाच दिवशी जोडू नका. बोट रद्द होऊ शकते आणि सरकारी बोटीत बेटावरच्या लोकांना आधी जागा, ते रास्तच. पोर्ट ब्लेअरला, आता २०२४ पासून श्री विजयपुरम, किमान एक रात्र हाताशी ठेवा. वारा असेल तर दोन. जाताना लागले ते सगळे कागद परतीलाही लागतील असं धरून चला.

शंख, शिंपले, प्रवाळ नेता येत नाहीत, सामान तपासतात. लेकीनं चपलेच्या खोक्यात तीन महिन्यांचे शंख जमवले होते. आदल्या संध्याकाळी ती एकेक काढून वाळूवर ओळीनं मांडत गेली. दोन शंख आपणहून चालायला लागले, आत खेकडे होते. रात्रभर खोलीत खुडखुड कसली यायची, ते तेव्हा कळलं.

सांगलीत आल्यावर परत सात दिवस दार बंद, पिशवी कडीला, शेजारच्या काकू भाजी ठेवून जायच्या. औषधांची पिशवी, बॅटरी, दोरी, पत्र्याचा डबा आणि चिठ्ठ्या मी सुट्या केल्या नाहीत, तशाच एका बॅगेत ठेवल्या. जुलैच्या चौथ्या आठवड्यात आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. ती बॅग उचलून माडीवर न्यायला दोन मिनिटं लागली. लेक जिन्यात बसून पायऱ्या मोजत होती, हातात पेन्सिल.

"आई, इथली ओहोटी किती वाजता?"

"कोयनेचं पाणी किती सोडलंय त्यावर," सासूबाई वरून म्हणाल्या, आणि रेडिओचा आवाज वाढवला.